काँक्रीटमधील रासायनिक मिश्रके (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

काँक्रीटमधील रासायनिक मिश्रके म्हणजे सिमेंट, रेती, गिट्टी आणि पाणी या मूळ घटकांखेरीज काँक्रीट कालवताना अल्प प्रमाणात घातली जाणारी रसायने होत. त्यांचे प्रमाण बहुधा सिमेंटच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत असते. ताज्या काँक्रीटची सुकार्यता, म्हणजे ते साच्यात सहज पसरण्याचा व दाबून बसण्याचा गुण, त्याचा घट्ट होण्याचा वेळ आणि पक्क्या काँक्रीटचे सामर्थ्य यांत इष्ट बदल घडविण्यासाठी ती वापरली जातात. बांधकामावर त्यांना सरसकट ‘ॲडमिक्चर’ किंवा नुसते ‘केमिकल’ असे म्हटले जाते. भारतात त्यांच्यासाठी आय.एस. ९१०३ : १९९९ हे मानक लागू आहे, तर वापराचे सर्वसाधारण नियम आय.एस. ४५६ : २००० या संहितेत दिलेले आहेत.

यांतील बहुतेक रसायने काँक्रीटला स्वतः सामर्थ्य देत नाहीत. ती पाण्याची गरज कमी करतात आणि सामर्थ्य वाढते ते न घातलेल्या पाण्यामुळे. हा मुद्दा लक्षात न घेतल्याने मिश्रकांविषयीचे बरेचसे गैरसमज निर्माण होतात.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे वनजिल्हे या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष उद्बोधक आहेत. सिमेंट आणि राख यांची येथे मुबलकता आहे. तथापि कडक उन्हाळा, लांबचे अंतर आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांमुळे चांगले काँक्रीट योग्य जागी वेळेत पोहोचविणे अवघड ठरते.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. जिल्ह्याचा बहुतांश भूभाग वनाच्छादित असून दक्षिणेकडील सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण गडचिरोली शहरापासून सुमारे २०० किलोमीटर अंतरावर आहे. वर्धा आणि वैनगंगा या नद्यांचा संगम चपराळ्याजवळ होऊन प्राणहिता नदी बनते व ती सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटा नदीवरील जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली जात असे व भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटत असे. अशा भागात पूल म्हणजे दवाखाना, धान्य आणि शाळा यांच्याशी असलेला दुवा होय. त्यामुळे त्यात ओतलेल्या काँक्रीटच्या दर्जाचा प्रश्न अभियंत्यांपुरता मर्यादित राहत नाही.

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात, विशेषतः राजुरा आणि कोरपना तालुक्यांत, चुनखडकाचे मोठे साठे आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही आणि नारंडा येथील सिमेंट कारखाने या साठ्यांच्या आधाराने उभे राहिले. घुग्घुस येथील कारखाना त्यांच्याही आधीचा. चंद्रपूर शहरालगतचे महाऔष्णिक विद्युत केंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे असून त्याच्या कोळशाची उडती राख, म्हणजेच फ्लाय ॲश, सिमेंट व काँक्रीट उद्योगांत वापरली जाते. पूर्वेकडे मात्र कारखाने संपतात आणि जंगल सुरू होते. एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील लहान पुलासाठी सिमेंटच्या गोण्या ट्रकने नेऊन बांधकामाच्या जागीच काँक्रीट कालवावे लागते.

पाणी आणि सामर्थ्य

पाणी व सिमेंट यांच्या वजनांचे गुणोत्तर हे काँक्रीटच्या सामर्थ्याचे मुख्य सूत्र आहे. अमेरिकन संशोधक डफ एब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये ते मांडले. काँक्रीट नीट दाबून बसविले असेल, तर हे गुणोत्तर जितके कमी तितके सामर्थ्य अधिक. सिमेंटच्या रासायनिक क्रियेसाठी त्याच्या वजनाच्या सुमारे २३ टक्के पाणी लागते आणि तयार होणाऱ्या जेलच्या सूक्ष्म छिद्रांत आणखी सुमारे १५ टक्के अडकून राहते. म्हणजे ०.३८ च्या आसपासचे गुणोत्तर पुरेसे असते. त्यापेक्षा जास्त घातलेले पाणी पुढे सुकून जाते व मागे केशिकांचे जाळे ठेवते. या जाळ्यातून सामर्थ्य घटते, पाणी झिरपते आणि कालांतराने सळईपर्यंत हवा व ओल पोहोचून ती गंजते.

प्रत्यक्षात ०.३८ गुणोत्तराचे साधे काँक्रीट इतके कोरडे व ताठर असते की, सळयांच्या दाट जाळीत ते उतरत नाही. कोपऱ्यांत पोकळ्या राहतात. त्यांनाच मिस्त्री मधमाशांच्या पोळ्याची उपमा देतात. काँक्रीटमध्ये ५ टक्के पोकळ्या राहिल्या, तर सामर्थ्य सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते. अर्थात कमी पाण्याचे काँक्रीटही नीट बसले नाही, तर दुबळेच ठरते. पाणी वाढवावे तर सामर्थ्य जाते, न वाढवावे तर काँक्रीट बसत नाही, अशा या पेचातून पाण्याचे प्रमाण कमी करणाऱ्या मिश्रकांनी वाट काढली.

पाण्यात कालवलेले सिमेंटचे कण सुटे राहत नाहीत. परस्परविरोधी विद्युतभारांमुळे ते गुठळ्या करतात आणि बरेचसे पाणी या गुठळ्यांच्या पोटात अडकते. मिश्रकाचे रेणू कणांच्या पृष्ठभागावर चिकटतात व कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात. गुठळ्या सुटतात, अडकलेले पाणी मोकळे होते आणि काँक्रीट सैल पडते. म्हणून या वर्गातील रसायनांना पाणी घटविणारी मिश्रके किंवा प्लॅस्टिसायझर असे नाव आहे.

प्रकार

पाणी घटविणाऱ्या साध्या मिश्रकाने किमान ५ टक्के पाणी कमी केले पाहिजे, अशी आय.एस. ९१०३ ची अट आहे. सुपरप्लॅस्टिसायझरसाठी हीच मर्यादा २० टक्के आहे. पहिल्या गटात प्रामुख्याने लाकडाच्या लिग्निनपासून मिळणारे लिग्नोसल्फोनेट येते. दुसऱ्यात सल्फोनेटयुक्त नॅप्थॅलिन व मेलामिन यांची रेझिने आणि पॉलिकार्बोक्झिलेट इथर ही अलीकडची रसायने येतात. नॅप्थॅलिन वर्गातील रेणू कणांना ऋण विद्युतभार देऊन एकमेकांपासून ढकलतात. पॉलिकार्बोक्झिलेटची रचना कंगव्यासारखी असते. त्याचा कणा कणाला चिकटतो आणि बाजूचे लांब दाते पाण्यात पसरून दुसऱ्या कणाला जवळ येऊ देत नाहीत. त्यामुळे कमी मात्रेत अधिक पाणी वाचते आणि काँक्रीटची सुकार्यता अधिक वेळ टिकते.

मंदक मिश्रके काँक्रीट घट्ट होण्याचा वेळ लांबवितात. ग्लुकोनेट, काही सेंद्रिय आम्ले, फॉस्फेटे आणि साखर ही त्यांची उदाहरणे होत. त्वरक मिश्रके याच्या उलट काम करतात. त्यांतील कॅल्शियम क्लोराइड स्वस्त व प्रभावी असले, तरी क्लोराइडमुळे सळई गंजते. म्हणून आय.एस. ४५६ नुसार सळईयुक्त काँक्रीटमध्ये सर्व घटकांतून येणारे एकूण क्लोराइड घनमीटरमागे ०.६ किलोग्रॅमपेक्षा आणि पूर्वप्रतिबलित काँक्रीटमध्ये ०.४ किलोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. हवा अंतर्भूत करणारी मिश्रके मुख्यतः हिमप्रदेशात काँक्रीट गोठून तडकू नये यासाठी वापरतात. विदर्भात त्यांचे प्रयोजन क्वचितच पडते.

मात्रेची मर्यादा आय.एस. ४५६ ने सिमेंटयुक्त घटकांच्या वजनाच्या टक्केवारीत घालून दिली आहे : मंदकांसाठी ०.५, प्लॅस्टिसायझरसाठी १ आणि सुपरप्लॅस्टिसायझरसाठी २ टक्के. यापुढे जायचे असल्यास उत्पादक व बांधकाम करणारा यांच्यात चाचण्यांच्या आधारे सहमती असावी लागते.

इतिहास

बांधकामाच्या मसाल्यात सेंद्रिय पदार्थ घालण्याची प्रथा भारतात सिमेंटच्या आगमनापूर्वीपासून आहे. चुन्याच्या कामात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर आणि उडदाचे पीठ घातले जाई. हिरडा आणि बेल या दोन्ही झाडांची या दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलांत वाण नाही. साखरेमुळे पाण्यात चुन्याची विद्राव्यता वाढते, एवढे रसायनशास्त्रीय तथ्य या प्रथेमागे निश्चित आहे. मात्र चुन्याचा हा अनुभव सिमेंटला जसाच्या तसा लागू पडत नाही. पोर्टलँड सिमेंटमध्ये त्याच्या वजनाच्या अवघी ०.०५ टक्के साखर गेली, तरी ते घट्ट होणे सुमारे चार तास लांबते. हेच प्रमाण ०.२ ते १ टक्का झाले, तर काँक्रीट जवळजवळ घट्टच होत नाही. रस्त्यात बंद पडलेल्या मिक्सर ट्रकच्या ढोलात साखर ओतून काँक्रीट दगड होण्यापासून वाचविण्याचा उपाय जगभरचे चालक जाणतात. ते काँक्रीट बांधकामाला अर्थातच निरुपयोगी ठरते. वाचतो तो ढोल.

लिग्नोसल्फोनेटचा काँक्रीटमधील वापर अमेरिकेत १९३० च्या दशकात सुरू झाला. सल्फाइट पद्धतीने कागदाचा लगदा बनविताना उरणाऱ्या द्रवातून ते मिळते. या संदर्भात बल्लारपूरच्या कागद कारखान्याचे नाव सहज आठवते, कारण या जंगलांतील बांबूवर तो दीर्घकाळ चालला. परंतु बांबूच्या लगद्यासाठी प्रचलित असलेली क्राफ्ट पद्धत वेगळी आहे. तिच्यातील काळा द्रव जाळून उष्णता व रसायने परत मिळविली जातात. त्यामुळे कागद कारखाना दाराशी असूनही येथील बांधकामांना लागणारे लिग्नोसल्फोनेट बाहेरूनच येते.

सुपरप्लॅस्टिसायझरचा शोध १९६० च्या दशकात जपान व जर्मनी येथे लागला. जपानमध्ये केनिची हत्तोरी यांनी नॅप्थॅलिनवर आधारित, तर जर्मनीत मेलामिनवर आधारित मिश्रक तयार झाले. पॉलिकार्बोक्झिलेटची सुरुवात १९८० च्या दशकात जपानमध्येच झाली. महाराष्ट्रात उच्च सामर्थ्याच्या काँक्रीटसाठी या रसायनांचा वापर मोठ्या शहरांतील पुलांमुळे रूढ झाला. मुंबईच्या जे. जे. उड्डाणपुलासाठी वापरलेले एम ७५ श्रेणीचे काँक्रीट हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

मिश्रणाचे गणित

मिश्रकाचा परिणाम नेमका कुठे होतो, हे एका साध्या हिशेबातून स्पष्ट होते. पुलाच्या खांबासाठी एम ३० श्रेणीचे, २० मिलिमीटर गिट्टीचे आणि १२५ मिलिमीटर स्लम्पचे काँक्रीट हवे आहे, असे समजू. स्लम्प म्हणजे शंकूच्या साच्यात भरलेले काँक्रीट साचा उचलताच जितके खाली बसते, ते मोजमाप. आय.एस. १०२६२ : २०१९ नुसार २८ दिवसांचे लक्ष्य सामर्थ्य ३० + १.६५ × ५ = ३८.२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर इतके येते. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ धरू.

५० मिलिमीटर स्लम्पसाठी या आकाराच्या गिट्टीला घनमीटरमागे १८६ लिटर पाणी लागते आणि पुढील प्रत्येक २५ मिलिमीटरला ते सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. म्हणून १२५ मिलिमीटरसाठी ते २०३ लिटर होते. ०.४५ ने भागल्यास सिमेंट ४५१ किलोग्रॅम लागते. आय.एस. ४५६ ने घनमीटरमागे सिमेंटची कमाल मर्यादा ४५० किलोग्रॅम ठेवली आहे. म्हणजे मिश्रकाशिवाय हे काँक्रीट नियमांतच बसत नाही. जास्त सिमेंटमुळे उष्णता व आकुंचन वाढून तडे जाण्याचा धोका असतो, हे या मर्यादेमागील कारण आहे.

आता २३ टक्के पाणी वाचविणारा सुपरप्लॅस्टिसायझर १ टक्का मात्रेत घातला, तर पाणी १५६ लिटर, सिमेंट ३४७ किलोग्रॅम आणि मिश्रक सुमारे साडेतीन किलोग्रॅम लागते. गुणोत्तर तेच, सुकार्यता तीच, पण सिमेंटच्या दोन गोण्यांहून अधिक बचत होते. बचत नको असेल, तर सिमेंट कायम ठेवून गुणोत्तर खाली आणता येते व सामर्थ्य वाढविता येते. किंवा पाणी आणि सिमेंट दोन्ही कायम ठेवून काँक्रीट अधिक वाहते करता येते. एकाच मात्रेतून हे तिन्ही लाभ पूर्णपणे मिळत नाहीत. विक्रीच्या माहितीपत्रकांत हे क्वचितच स्पष्ट केलेले असते.

याच काँक्रीटमध्ये ‘जरा ताठ वाटते’ म्हणून कोणी जागेवर घनमीटरमागे २० लिटर पाणी ओतले, तर गुणोत्तर ०.४५ वरून ०.५१ वर जाते आणि सामर्थ्य साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाने उतरते. लक्ष्य सामर्थ्यात राखलेली बहुतांश सुरक्षित उसंत एवढ्या एका कृतीने संपते. दोन बादल्या पाण्याचा हा दोष डोळ्यांना दिसत नाही. उलट काँक्रीट गुळगुळीत व देखणे बसते. २८ दिवसांनी घन दाबल्यावर तो उघड होतो, तेही ते घन त्याच काँक्रीटचे असतील तर.

उन्हाळ्यातील काँक्रीट

चंद्रपूर हे भारतातील सर्वांत उष्ण शहरांपैकी एक असून मे महिन्यात तापमान ४६-४७ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. आय.एस. ७८६१ चा पहिला भाग ४० अंशांपुढील वातावरणात केलेल्या कामाला उष्ण हवामानातील काँक्रीटकाम मानतो व ओततेवेळी काँक्रीटचे तापमान ४० अंशांच्या आत असावे, असे सांगतो. या परिसरात एप्रिलपासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत दुपारचे जवळजवळ प्रत्येक काम या व्याख्येत येते. नदीपात्रातील कामांचा खरा हंगामही तोच. पाणी आटलेले असते आणि पाया व खांब पाऊस येण्यापूर्वी पुराच्या पातळीवर आणायचे असतात. अर्थात कामाची सर्वांत मोठी घाई आणि काँक्रीटला सर्वांत प्रतिकूल हवामान एकाच वेळी येतात.

उष्णतेने सिमेंटची रासायनिक क्रिया वेगावते. पहिल्या दोन-तीन दिवसांचे सामर्थ्य चांगले दिसते, पण २८ दिवसांचे कमी भरते. स्लम्प लवकर उतरतो आणि पाणी ओतण्याचा मोह नेमका याच वेळी होतो. शिवाय पृष्ठभागावरून घनमीटर-तासाचा नव्हे, तर चौरस मीटरमागे ताशी सुमारे १ किलोग्रॅमपेक्षा जास्त पाणी उडू लागले, की स्लॅबवर काही तासांतच बारीक तडे उमटतात.

येथे मंदक गुण असलेल्या सुपरप्लॅस्टिसायझरचा उपयोग होतो, आय.एस. ९१०३ मध्ये त्याचा स्वतंत्र वर्ग आहे. तो सुकार्यता टिकवितो, मात्र काँक्रीट थंड करीत नाही. तापमानासाठी जुने उपायच लागतात. काँक्रीटचे तापमान १ अंशाने उतरवायचे, तर गिट्टी-रेती सुमारे २ अंशांनी, पाणी सुमारे ४ अंशांनी किंवा सिमेंट सुमारे १० अंशांनी थंड करावे लागते. गिट्टीचे ढीग सावलीत ठेवणे व त्यांवर पाणी शिंपडणे यांचा परिणाम म्हणूनच मोठा असतो. पाण्याचा काही भाग बर्फाच्या चुऱ्याने घातल्यास बर्फ वितळताना बरीच उष्णता शोषून घेतो. मोठी कामे सायंकाळनंतर हाती घेणे हा त्याहूनही सोपा मार्ग होय.

मंदकाची मात्रा हवामानानुसार बदलावी लागते. मे महिन्यात दुपारी योग्य ठरलेली मात्रा डिसेंबरच्या रात्री वापरली, तर काँक्रीट सकाळपर्यंत ओले राहू शकते. अशा वेळी ते फोडून टाकण्याची घाई बहुधा अनाठायी असते. मात्रेचा अतिरेक बेताचा असेल आणि काँक्रीट ओलसर ठेवले, तर ते उशिरा का होईना घट्ट होऊन अपेक्षित सामर्थ्य गाठू शकते. सेंट्रिंग मात्र ठरलेल्या दिवशी नव्हे, तर सामर्थ्य तपासूनच काढावे.

अंतर आणि वेळ

आय.एस. ४९२६ नुसार तयार काँक्रीट ट्रकमध्ये भरल्यापासून २ तासांत रिकामे करावे, असा सर्वसाधारण नियम आहे. मंदक वापरल्यास हा अवधी वाढविण्यास मुभा असते. जंगलातील घाटवळणांच्या रस्त्यावर भरलेला ट्रक ताशी ३० किलोमीटर वेगाने गेला, तरी दोन तासांत ६० किलोमीटरच जाऊ शकतो. त्यातच ओतण्यास लागणारा वेळही धरावा लागतो. चंद्रपूर शहरातील प्रकल्पातून चंद्रपूर तालुक्यात काँक्रीट सहज पोहोचते, गडचिरोली शहराचे सुमारे ८० किलोमीटर अंतर मंदकाशिवाय कठीण जाते आणि भामरागड किंवा सिरोंच्याचा विचारही करता येत नाही. म्हणून गोदावरी, प्राणहिता व इंद्रावती नद्यांवरील मोठ्या पुलांसाठी नदीकाठीच मिश्रण प्रकल्प उभारावा लागतो.

वाटेत स्लम्प उतरल्यास पाण्याऐवजी सुपरप्लॅस्टिसायझरचा राखून ठेवलेला भाग जागेवर घालून ढोल पुन्हा पूर्ण वेगाने फिरविणे ही मान्य पद्धत आहे. मात्र त्या भागाचे प्रमाण आधीच चाचणीने ठरलेले असावे व एकूण मात्रा मर्यादेत असावी.

रेती, गिट्टी आणि राख

मिश्रकाचे वर्तन स्थानिक साहित्यावर फार अवलंबून असते. चंद्रपूरच्या वायव्य भागात दख्खनच्या पठाराचा काळा बसाल्ट, तर गडचिरोलीच्या मोठ्या भागात ग्रॅनाइट व नाइस जातीचे प्राचीन खडक आढळतात. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारे खनिज असते. पॉलिकार्बोक्झिलेटच्या रेणूंचे लांब दाते या मातीच्या थरांत शिरून अडकतात आणि सिमेंटसाठी मिश्रक उरतच नाही. त्यामुळे महाग मिश्रक घालूनही काँक्रीट ताठच राहते आणि दोष मिश्रकाला दिला जातो. नॅप्थॅलिन वर्गातील मिश्रके मातीला तुलनेने कमी बळी पडतात. रेती धुणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. नदीच्या रेतीत ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असे आय.एस. ३८३ सांगते, दगड फोडून केलेल्या रेतीसाठी ही मर्यादा १५ टक्के आहे. वैनगंगेच्या रेतीची जागा कचेने घेतल्यास पाण्याची आणि पर्यायाने मिश्रकाची गरज वाढते, ती याच बारीक भुकटीमुळे.

फ्लाय ॲश ही खनिज मिश्रकांत मोडते. रासायनिक मिश्रकांत नव्हे. तिचे कण गोल असल्यामुळे काँक्रीट वाहण्यास मदत होते व उष्णता कमी निर्माण होते. उन्हाळी कामांत हे दोन्ही गुण मोलाचे ठरतात. राखमिश्रित पोझोलाना सिमेंटमध्ये आय.एस. १४८९ नुसार १५ ते ३५ टक्के राख असते. अशा काँक्रीटचे सामर्थ्य सावकाश वाढते. सुपरप्लॅस्टिसायझरने पाणी घटविल्यास ही सुरुवातीची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. राख आणि मिश्रक यांची जोडी म्हणूनच चांगली जमते. राखेत न जळलेला कोळसा जास्त असल्यास मात्र तो काही मिश्रकांना शोषून घेतो. आय.एस. ३८१२ मध्ये जळणघटीची कमाल मर्यादा ५ टक्के ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

पाण्याकडेही लक्ष द्यावे लागते. कालवण्याच्या पाण्याचा सामू ६ पेक्षा कमी नसावा, असा नियम आहे. कोळसा खाणीतून उपसलेले पाणी आम्लांश व सल्फेट तपासल्याशिवाय वापरू नये. सिमेंट आणि मिश्रक एकमेकांना मानवतात का, हे मार्श शंकूच्या चाचणीत कळते. मिश्रकाची मात्रा वाढवीत सिमेंटची राळ शंकूतून वाहण्यास लागणारा वेळ मोजतात. ज्या मात्रेनंतर वेळ कमी होईनासा होतो, ती संपृक्त मात्रा होय. सिमेंटचा कारखाना बदलला की ही चाचणी पुन्हा करणे आवश्यक असते.

लहान बांधकामे

घरकुले, अंगणवाड्या, गावातील सिमेंट रस्ते आणि मोऱ्या यांत वापरले जाणारे काँक्रीट बहुधा घमेल्याने मोजून, छोट्या मिक्सरमध्ये तयार होते. १ : १.५ : ३ हे एम २० चे रूढ प्रमाण तेथे पाळले जाते, पण पाणी अंदाजाने पडते. या कामांत मिश्रक पोहोचते ते प्रामुख्याने ‘वॉटरप्रूफिंग’च्या नावाने. दुकानांत मिळणारे, ५० किलोग्रॅमच्या गोणीमागे २०० मिलिलिटर घालावयाचे बरेचसे द्रव मुळात पाणी घटविणारेच असतात. ते घातल्यावर पाणी कमी केले, तरच गळती कमी होते. पाणी पूर्वीइतकेच ओतल्यास काँक्रीट केवळ अधिक पातळ होते, गिट्टी खाली बसते आणि वरचा थर दुबळा राहतो. घमेल्याऐवजी खुणेची बादली ठेवून गोणीमागे पाणी मोजल्याने जो फरक पडतो, तो महाग मिश्रकानेही पडत नाही. ०.५ गुणोत्तरासाठी गोणीमागे २५ लिटर पाणी लागते आणि त्यात ओल्या रेतीतील पाणीही धरावे लागते.

मिश्रक घालताना ते कोरड्या सिमेंटवर न ओतता पाण्याच्या शेवटच्या हिश्शात मिसळून घालावे. सिमेंट आधी ओले झालेले असल्यास त्याचा परिणाम अधिक चांगला होतो. पिंप उन्हात राहिल्यास किंवा तळाशी गाळ बसल्यास मात्रा चुकते. म्हणून ते सावलीत ठेवून वापरापूर्वी ढवळणे आवश्यक असते.

मर्यादा

पाणी मारण्याची जागा मिश्रक घेऊ शकत नाही. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस, तर राखमिश्रित सिमेंटला किंवा कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस ओल राखावी, असे आय.एस. ४५६ सांगते. राखमिश्रित सिमेंटसाठी अशा हवेत १४ दिवसांची शिफारस आहे. पाण्याचा टँकर दूरवरून येणाऱ्या गावात नेमकी हीच बाब सर्वप्रथम टाळली जाते. कमी पाण्याच्या काँक्रीटमध्ये वर येणारे पाणीही कमी असते. त्यामुळे त्याचा पृष्ठभाग अधिक लवकर सुकतो व त्यावर ओली पोती टाकण्याची निकड उलट वाढते.

चाचणीचे १५ सेंटिमीटरचे घन ७ व २८ दिवसांनी दाबले जातात. ५ घनमीटरपर्यंतच्या कामाला एक, ६ ते १५ घनमीटरला दोन आणि १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने घ्यावेत, असा दंडक आहे. दूरच्या कामांवरील घन प्रयोगशाळेपर्यंत न्यावे लागतात. प्रवासात ते सुकले किंवा कडांना फुटले, तर निष्कर्ष फसवा येतो.

तसेच पायाचे व रचनेचे दोष काँक्रीटच्या रसायनाने सुधारत नाहीत. तेलंगण आणि सिरोंचा तालुका यांच्या सीमेवर गोदावरीवर बांधलेल्या ८५ दरवाजांच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे काही खांब ऑक्टोबर २०२३ मध्ये खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या पाहणीत पायाखालील वाळू वाहून जाण्याकडे लक्ष वेधले गेले. खांबांच्या काँक्रीटमध्ये कोणते मिश्रक होते, हा प्रश्न तेथे गौण ठरला.